रोजची माफी

पडदा तसा फार मळलेला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी नोकरीतल्या जुन्या मैत्रिणी चहाला यायच्या होत्या आणि त्यांतली एक अशी होती, की कपाला हात लावायच्या आधी घरभर नजर फिरवायची. म्हणून जेवणं आटोपल्यावर ऑपरेटरबाई जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, तेवढा बाहेरच्या खोलीतला पडदा काढून द्या. धुऊन टाकते."

"संध्याकाळी काढतो, आई. आत्ताच जेवलोय, जरा पडतो."

एखादी सासू इथे गप्प बसली असती. पण बाईंनी उभा जन्म एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर काढला होता. ऑपरेटरबाई हे नाव पडलं ते तिथेच. 'थांबा' हा शब्द दुसऱ्यांना सांगायचा असतो, आपण ऐकायचा नसतो, अशी त्यांची समजूत. नोकरी संपली, पाठोपाठ नवरा गेला, तेव्हा त्या चार दिवस म्हणून लेकीकडे राहायला आल्या आणि बघता बघता तिथल्या पडद्यांच्या मालकीण झाल्या. जावई सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचा, स्वभावाने गरीब. तक्रार म्हणून त्याने कधी केली नाही.

त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून खिडकीखाली ठेवलं, एक पाय वर टेकवला आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "असू दे, असू दे. मीच काढते."

गुडघे धरलेल्या सासूला स्टुलावर चढू देईल असा तो जावई नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. झालंही तसंच. तो अर्धवट झोपेतून उठून आला. "अहो आई, उतरा आधी! काढतो मी." त्या उतरल्या, तो चढला. अर्धा पडदा सरकला, अर्धा अडकला. त्याने जोर लावला तशी दांडीच भिंतीतून निघून आली आणि तो मागच्या मागे गेला. कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं. त्याच्या कडेवर डोकं आपटलं. आवाज काही मोठा झाला नाही. बाईंना आधी वाटलं, दांडीच पडली.

लेक औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. अंगावर कारखान्याचा पांढरा डगला तसाच ठेवून ती हॉस्पिटलात धावत आली. डोक्यात रक्त साचलंय, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कसं झालं ते आईने तिला सांगितलं. पडद्याचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं. स्टुलावर आधी पाय कोणी ठेवला होता, ते मात्र राहून गेलं.

"एका पडद्यासाठी, आई?" लेक म्हणाली.

एवढंच. पुढे तिने तो विषय कधी काढला नाही. चार शिव्या हासडल्या असत्या, आदळआपट केली असती, तर बाईंना सोसलं असतं. ते तीन शब्द मात्र काट्यासारखे रुतून बसले. उठता-बसता सलायचे.

जावई वाचला. घरी आला तेव्हा चालत होता, जेवत होता, माणसं ओळखत होता. केस वाढून टाक्यांची खूण झाकली गेली तशी शेजारीपाजारी म्हणायला लागले, नशीब बलवत्तर म्हणून सुटला, कुणी म्हणेल का याला काही झालं होतं! पण आतला हिशेब वेगळा होता. भांडं पडलं तरी तो कानांवर हात ठेवायचा. सांगितलेलं अर्ध्या तासात पुसलं जायचं. पडल्याच्या दिवसाची तर त्याला काहीच आठवण नव्हती.

"मी पडलो कसा?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा.

"पडदा काढताना हो. माझ्यामुळे. माझं मेलीचं चुकलं," बाई म्हणायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या.

"असू द्या, आई."

पुढे त्याने विचारायचं सोडलं, तरी बाईंनी सांगायचं सोडलं नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एके दिवशी तो रस्त्याच्या टोकाला असलेल्या आपल्या कारखान्यात गेला. कारखाना कसला, शटरची एक खोली. मध्यभागी एक खुर्ची उघडीवाघडी ठेवलेली, नुसता लाकडी सांगाडा. आधी पट्टे ताणायचे, त्यावर स्प्रिंगा बांधायच्या, मग तागाचं कापड, मग फोम, शेवटी कव्हर. वीस वर्षं हात हेच करत आले होते, डोक्याला विचारायची गरजच पडली नव्हती. आता हातांनी विचारलं आणि डोक्याकडून उत्तर आलं नाही. तो सांगाड्यासमोर बराच वेळ उभा राहिला, मग शटर ओढून घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तो झोपला तो झोपलाच म्हणायचं. दाढी वाढली. अंघोळीसाठी मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. लेक कारखान्यातले किस्से रंगवून सांगायची. पूर्वी तो त्यांवर पोट धरून हसायचा, आता नुसता बघत राहायचा. मधेच काहीही कारण नसताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्याची त्यालाच लाज वाटायची.

बाईंनी स्वतःला सेवेला जुंपून घेतलं. चहात साखर ढवळून, निववून कप हातात द्यायच्या. चपला पायांपुढे सरळ करून ठेवायच्या. कुणी त्याच्याशी बोललं तर उत्तर त्याच द्यायच्या. आणि दर खेपेला, कपाबरोबर, ताटाबरोबर, एक माफी. तो "असू द्या" म्हणायचा, तेव्हा घटकाभर त्यांना बरं वाटायचं. पुढची घटका आली की पुन्हा टोचणी सुरू.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी त्याच्याशी थोडा वेळ बोलून लेकीला सांगितलं, "हे डिप्रेशन आहे. डोक्याला मार बसल्यावर पुष्कळांना होतं. समुपदेशन सुरू करा."

"बोलून काय होणार?" बाई घरी आल्यावर म्हणाल्या. "बोलून माणसं बरी होत असती, तर माझ्या बोर्डावर अख्खी कंपनी बरी झाली असती."

पण लेकीच्या कारखान्यातल्या पाळ्या असायच्या, तेव्हा जावयाला घेऊन जायचं त्यांच्याच वाट्याला आलं. आपण केलं, आपणच निस्तरावं, असं म्हणून त्या निघाल्या.

समुपदेशक मध्यमवयाची, आखूड केसांची बाई होती. खोलीत दोन खुर्च्या, एक बाक, एक पांढरा फळा. जावई आत आला आणि त्याने डोळे बारीक केले, तशी तिने न विचारता ट्यूबलाइट बंद केली. खिडकीचा उजेड पुरेसा होता.

"झोप कशी लागते?" तिने विचारलं.

"दिवसा झोपतात आणि रात्री टक्क जागे असतात," बाई म्हणाल्या.

"जेवण?"

"पानात टाकतात. भूकच नाही हो त्यांना."

"मी त्यांना विचारतेय," समुपदेशक म्हणाली. आवाज मऊ होता, पण बाई गप्प झाल्या. मग खोलीत शांतता पसरली. इतकी लांबलचक, की बाईंना वाटलं, लाइन तुटली. त्या तोंड उघडणार तोच जावई म्हणाला, "चव... चव कळते. पण खावंसं वाटत नाही. कशासाठी खायचं, असं वाटतं."

हे वाक्य बाईंनी घरात कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला त्यांनी जागाच कुठे ठेवली होती!

समुपदेशकाने तेव्हाच दोन-तीन गोष्टी सांगून टाकल्या. हा आळस नाही आणि नाटकही नाही. काही भाग मेंदूच्या इजेचा आहे, काही भाग जे गेलं त्याच्या दुःखाचा. त्याला एका वेळी फार झेपणार नाही, म्हणून भेट छोटी ठेवायची. भेटीत तो एकटा बसेल. शेवटी ठरलेलं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, त्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा आणि घरच्या माणसाने तेवढ्यापुरतं आत येऊन ऐकायचं. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच होतं: रोज सकाळी खाली जाऊन दूध आणायचं.

"मन नसलं तर?" जावयाने विचारलं.

"नसेलच. मनाची वाट बघायची नाही. पायांना पुढे पाठवायचं. मन मागून येतं. कधी उशिरा येतं, पण येतं."

पहिल्या दिवशी तो गेला. रस्त्यावरच्या हॉर्नने बावचळला, दुधाऐवजी दही घेऊन आला आणि चूक कळल्यावर जिन्यातच डोकं धरून बसला. बाईंच्या काळजाचं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत त्या स्वतः दूध घेऊन आल्या. "पडा तुम्ही. आलंय दूध." तिसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच.

पुढच्या भेटीच्या शेवटी बाईंना आत बोलावल्यावर समुपदेशकाने विचारलं, "दुधाचं कसं झालं?"

जावयाने मान खाली घातली.

"आणतात की रोज," बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून सुटले, ते परत कसे घ्यायचे? जावयाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं, असं बाईंना पुन्हा एकदा वाटलं. त्याच्या पुढच्या भेटीतही त्यांनी तेच सांगितलं. एका खोट्याला दुसरं खोटं टेकू देतं, तसं.

तो मात्र खचत चालला. बोलणं हो-नाहीवर आलं. आणि एका भेटीत समुपदेशकाने बाईंना नेहमीपेक्षा लवकर आत बोलावलं.

"यांनी मला काही सांगितलंय," ती म्हणाली. "तुमच्यासमोर सांगायची त्यांची तयारी आहे. तुम्ही फक्त ऐका."

जावई गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत म्हणाला, "मी त्याच दिवशी गेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटतं. तुम्ही दोघी सुटला असता."

"अहो, असं अभद्र काय बोलता! सगळं माझ्यामुळे झालं, मीच मेली..."

"बघा," जावई समुपदेशकाला म्हणाला. "हे असं. रोज."

मग तो बाईंकडे वळला. सावकाश, एकेक शब्द शोधून, पण न थांबता बोलला. अपघातानंतर इतकं सलग तो कधीच बोलला नव्हता.

"आई, तुम्ही चहा देता, माफी मागता. ताट वाढता, माफी मागता. मी असू द्या म्हणतो. माझ्या अंगात दिवसभराचं बळ किती, मूठभर. ते तुम्हाला माफ करण्यातच संपतं. मला दुसरं काही करायला उरत नाही. आणि दूध... दूध चुकलं तर चुकू द्या ना. ते पण माझ्याकडून काढून घेतलंत. वर यांना सांगितलंत, मी आणतो. मी तिथे बसून ऐकत होतो. मला वाटलं, या घरात माझी गरज उरलीय ती फक्त असू द्या म्हणायला."

बाईंचे ओठ हलले. नेहमीचा शब्द ओठावर येऊन उभा होता. त्यांनी तो गिळला.

समुपदेशकाने पुढचं काम शांतपणे केलं. त्याला स्पष्ट विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का, काही ठरवलंय का. विचार येतात, ठरवलेलं काही नाही, तो म्हणाला. तिने लेकीला कारखान्यात फोन लावून बोलावून घेतलं, डॉक्टरांशी बोलली. त्याच दिवसापासून गोळी सुरू झाली. सगळ्या औषधांची पेटी लेकीने आपल्या ताब्यात घ्यायची ठरली. विचार आला की कोणाला सांगायचं, कोणाला फोन करायचा, हेही त्याच्याच तोंडून ठरवून घेतलं. "सांगितलंत ते फार चांगलं केलंत," ती त्याला म्हणाली. निघताना दार त्याने स्वतः उघडलं.

घरी परतताना बाईंना एकदाच काय ते म्हणायचं होतं, की इतके दिवस माफी मागत राहिले त्याबद्दल माफ करा. चौकापर्यंत येऊन त्यांच्या लक्षात आलं, की हीसुद्धा माफीच. त्यांनी जीभ चावली. रस्ताभर चावलेलीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो दुधाला निघाला तेव्हा बाई स्वयंपाकघरात ओट्याची कड धरून उभ्या राहिल्या. त्या दिवशी दूधच आलं. पुढे एकदा दही आलं, एकदा नुसताच तो आला, हात हलवत. "विसरलो," म्हणाला आणि पुन्हा जिना उतरला. एका सकाळी तो कितीतरी वेळ आला नाही. बाई दाराबाहेर पडल्या, जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथेच बसल्या. खाली जायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. शेवटी तो आला. "गाड्यांचा आवाज फार होता. दुकानाच्या बाकावर बसलो जरा," म्हणाला आणि त्यांना ओलांडून आत गेला.

एकदा भेट संपल्यावर समुपदेशक म्हणाली, "तुम्हाला हवं तर तुमच्यासाठीही वेळ काढते."

"मला काय झालंय?" बाई म्हणाल्या. आणि पुढच्याच आठवड्यात त्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिथे त्यांनी राहून गेलेलं सांगितलं. स्टूल आपणच ठेवलं, पाय आपणच टेकवला, चढायचं मनात कधीच नव्हतं. तो उठून यावा म्हणून केलेलं ते सोंग होतं.

त्यांची अपेक्षा होती, की ही शिकलेली बाई म्हणेल, तुमचा काही दोष नाही. तसं ती म्हणाली नाही.

"ते उठून यावेत म्हणून तुम्ही तसं केलंत, हे खरं," ती म्हणाली. "ते पडावेत म्हणून नाही केलंत, हेही खरं. एकाने दुसरं खोडलं जात नाही."

"मग मी त्यांना सांगून टाकू?"

"सांगून आत्ता कोणाला हलकं वाटेल?"

उत्तर बाईंना ठाऊक होतं.

"कधीतरी ते स्वतः विचारतील. तेव्हा खरं सांगा. तोवर हे ओझं तुमचं आहे. उचलायला जड जाईल तेव्हा इथे या, त्यांच्याकडे नको."

बाई बाहेर आल्या त्या तणतणतच. ही कसली बाई, हिच्याकडे यायचं आणि जड होऊन परत जायचं! पण पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या.

लेकीला मात्र त्यांनी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, जावई आत झोपला होता. बाईंनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं आणि वीज कोसळायची वाट पाहत उभ्या राहिल्या.

लेकीने हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"बाबांकडून पंखे असेच पुसून घ्यायचीस ना? स्टुलावर एक पाय. लहानपणापासून बघतेय."

बाईंना हसू आलं आणि त्या हसण्याचीच भयंकर लाज वाटली. लेकही हसत नव्हती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हॉस्पिटलात मी तसं बोलायला नको होतं."

"बरोबरच बोललीस."

"बरोबर होतं, म्हणूनच तर."

दोघींनी मिळून चादरीची घडी घातली. लेकीने माफ केलं की नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं नाही आणि विचारायचं नाही, एवढं त्या आता शिकल्या होत्या.

जावई हळूहळू कारखान्यात जायला लागला. आधी फक्त शटर उघडून बसायला, मग थोडं काम करायला. समुपदेशकाच्या सल्ल्याने त्याने एक खुर्ची लेकीच्या मदतीने सुरुवातीपासून बांधली, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला आणि ते फोटो ओळीने भिंतीवर चिकटवले. हातोडीचा आवाज सोसत नसे, म्हणून कानांत बोळे. दोन दिवस चांगले जायचे, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. पण तेव्हा लेकीला सांगायचा, "आज विचार येतायत." ती जवळ बसायची. पूर्वीचा माणूस काही परत येणार नव्हता, हे तिघांनाही कळून चुकलं होतं. हा नवा माणूस बारीकसारीक गोष्टींवर चिडायचा, लवकर थकायचा. मात्र मधूनमधून लेकीच्या किश्शांना हसायचा, जरा उशिराने, बाकीच्यांचं हसून झाल्यावर.

एके दिवशी लेकीची सकाळची पाळी होती, म्हणून बाई त्याच्याबरोबर कारखान्यात गेल्या. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतली हिरव्या कापडाची खुर्ची आली होती. तो भिंतीवरच्या फोटोंकडे बघत काम करत होता. बाईंनी पाहिलं, त्याने फोम न घालताच कव्हर ताणायला घेतलं होतं. एक खिळा मारला, दुसरा मारला. बाईंनी हाताच्या मुठी वळल्या. तिसऱ्या खिळ्याला त्यांना राहवलं नाही. "अहो, ते आधी..."

"आई." त्याने हातोडी खाली ठेवली. "जरा बाहेर बसता का?"

आवाजात चीड होती. अगदी स्पष्ट.

बाई उठल्या, बाहेर आल्या. शटराशेजारी दुरुस्तीला आलेली एक खुर्ची उन्हात पडली होती, तिच्यावर बसल्या. हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. त्या हातांना काही काम नव्हतं. आतून चौथ्या खिळ्याचा आवाज आला, पाचव्याचा आला. मग काही काळ काहीच नाही. मग कापडातून खिळे उपसल्याचा करकर आवाज, आणि पाठोपाठ एक सणसणीत शिवी.

ती खुर्चीला होती, स्वतःला होती की आपल्याला, हे बाईंना कळलं नाही. आपल्याला असेल तर वाजवीच आहे, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्या नाहीत. आत पुन्हा हातोडी चालू झाली.